हुस्नाचे हात

३ डिसेंबर

पुन्हा तेच! हुस्नाचा व्हिडिओ कॉल आला. अर्धा शिवलेला ब्लाउज मशीनवर टाकून मी खिडकीपाशी धावले, उजेडाकडं तोंड करून बसले—आणि तिकडं हातच नाहीत! दोन राखाडी ढेकळं. हलतात, थांबतात, भलत्याच जागी उगवतात. काहीतरी मोठं सांगत होती ती. हसत होती, एवढं कळलं. मग तोंडाचेही चौकोन झाले. मग ते गोल फिरणारं चाक.

संध्याकाळी सगळं हिमायतनगर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतं. ऐकणाऱ्यांचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो म्हणे. आमचं चित्र अडकलं की बोलणंच अडकलं.

मग तिचा मेसेज: "तू जेवली. मी जेवली. हात नाय दिसत. ठीक."

४ डिसेंबर

कालचा मेसेज पुन्हा वाचला. परक्या माणसानं वाचला तर म्हणेल, ही बाई अर्धवट आहे. हुस्ना! अर्धवट!

मला दहाव्या वर्षी तापात बहिरेपण आलं. तोवर मराठी कानातून आत जाऊन बसली होती, ती अजून आहे. म्हणून तर ही वही. तोंडानंही बोलता येतं—पण आवाज चिरका निघतो म्हणतात, म्हणून घराबाहेर तोंड उघडत नाही. हुस्ना जन्माची बहिरी. मराठी, उर्दू, काहीच तिच्या कानात कधी गेलं नाही. अक्षरं तिला शाळेत भेटली, ती उसन्या चपलांसारखी. चालता येतं, पळता येत नाही.

तिची भाषा हातात. आणि हातात कशी! लातूरच्या आमच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत ती गोष्ट सांगायला लागली की पंगतीतल्या मुलींचा घास हातात राहायचा. वाढणाऱ्या मावशीसुद्धा पळी धरून उभ्या. त्यांना एक खूण कळायची नाही, तरी उभ्या! मला खुणा शिकवल्या त्या तिनंच.

आता ती औशाला, मी इथं. मध्ये अख्खा नांदेड जिल्हा, वर अर्धा लातूर. भेट कुणाच्या लग्नात झाली तर. बाकी, तू जेवली, मी जेवली.

९ डिसेंबर

सकाळी मेसेज. "पोट. आत बाळ. पाच महिने."

म्हणजे त्या संध्याकाळी ती हे सांगत होती! दृष्ट लागू नये म्हणून इतके दिवस लपवलं असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, दर्गे झाले, दवाखाने झाले, आता आशा सोडली म्हणून गेल्या उन्हाळ्यात लिहिलं होतं तिनं. आणि तिच्या हातांनी ती बातमी मला सांगितली, तेव्हा मी मान डोलावत होते. बरं बरं, हो हो. ढेकळांना!

खूप वाईट वाटलं. खूप आनंद झाला. दोन्ही एकदमच, आणि कुणाला सांगायचं? मशीनवर बसले आणि उलटी बाही जोडली.

११ डिसेंबर

चौकात नव्या नेटवर्कची पाटी लागली आहे. फाइव्हजी. रविकिरण सांगत आला. (तोंडानं अहो म्हणते, वहीत रविकिरण. माझी वही आहे!)

"आपल्या फोनवर न्हाई चालत ते. नवा घ्यावा लागतो," म्हणाला. मोटार वाइंडिंगच्या दुकानात त्याच्याकडं बसणाऱ्या मंडळींची चर्चा झाली म्हणे. एक म्हणतो, काय बी फरक न्हाई, नुसता डबा बदलायचा. दुसरा म्हणतो, बॅटरी खातंय. तिसरा म्हणतो, पिक्चर चहा प्यायच्या आत उतरतो.

पिक्चर उतरवून मी काय करू?

"हात दिसतील का?" मी विचारलं.

त्यानं खांदे उडवले. "त्यांच्यात कुणी हाताचं इचारलंच न्हाई."

१२ डिसेंबर

सासूबाईंना कळलं. नाव साखराबाई, जिभेवर मिरची. पुढचे दात पडलेत, त्यामुळं त्यांचे ओठ वाचणं म्हणजे पुसलेली पाटी वाचणं. तरी हे मात्र नीट वाचलं:

"फोटूत हात हलवून पोट भरतंय व्हय? हाय त्या फोनला काय रोग झालाय?"

रविकिरण काहीतरी बोलला. पाठ होती, दिसलं नाही.

१५ डिसेंबर

हुस्ना लिहिते: "मी नवीन. ताहेर आणला. तू जुना. तू अंधार."

म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ताहेरनं, नवा फोन आणलाय, औशात नवं नेटवर्कही आहे. अंधार माझ्याच बाजूला!

२२ डिसेंबर

सगळं टाकून आधी हे लिहिते.

रविकिरण दुपारी जेवायला आला आणि ताटाशेजारी खोका ठेवला. भाकरी मोडायला लागला. त्याला असं काही बोलता येत नाही. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती: मिशी काढायची, ओठ दिसले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी बिनमिशीचा आला होता.

घरात नवं नेटवर्क येत नाही. भिंती जाड. गच्चीवर येतं, टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. तिथं हळद वाळत घातलेली. ती बाजूला सारून बसले. कॉल लावला.

देवा!

आधी मला वाटलं, हा फोटो आहे. इतकं स्थिर. मग तिनं पापणी हलवली. मी तिच्या पापणीचा केस न् केस बघितला. मग हात वर आले. बोटं! दहा बोटं, वेगळी वेगळी, सांध्यांसकट. करंगळीवरचा भाजल्याचा डाग. उतरत आलेली मेंदी. बांगडी मनगटावरून घसरते आणि ती वर सारते, ते सारणंसुद्धा. आमच्यात बोट किती वाकलं यावर अर्थ बदलतो. भुवई वर गेली तर प्रश्न, नाही गेली तर उत्तर. गाल फुगले तर मोठं, ओठ मुडपले तर बारीक. ते सगळं—सगळं—औशाहून माझ्या गच्चीवर!

नुसती बघत बसले. ती म्हणाली, "मेलीस का?"

मग सुटली! ताहेरचं सांगितलं. तो लोखंडी खिडक्या, ग्रिल बनवतो, तोही आमच्यातलाच, बहिरा. बाळ येणार कळल्यावर यानं पाळणा केला. कशाचा? ग्रिलच्या गजांचा! हुस्ना ताहेर झाली: वेल्डिंगचा चष्मा, अभिमानानं वर केलेली हनुवटी, कपाळावरचा घाम झटकणं. मग ती पाळणा झाली. मग तो पाळणा उचलायला आलेली माणसं झाली, एकेक करून, कुणी लुंगी खोचतो, कुणी कमरेवर हात ठेवून परत फिरतो. मग सासू गौसियाबी झाली. त्या नुसतं बघतात आणि म्हणतात, यात बाळ ठेवायचं का म्हैस बांधायची?

मी हसले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझं हसणं मोठं असतं म्हणे. शेजारच्या गच्चीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. बघा!

किती वर्षांनी ती मला भेटली. मधल्या वर्षांत मीच तिला तीन शब्दांची बाई समजायला लागले होते का? हो. थोडी. लागले होते.

२३ डिसेंबर

फोन तापतो. बॅटरी खरंच खातं. दुकानातली मंडळी खोटं बोलत नव्हती. पण त्यांनी तागडीत भलतंच घातलं होतं.

२ जानेवारी

रोज दुपारी गच्ची. सासूबाई वर येऊन हळद उलथल्यासारखं करतात आणि तिरक्या डोळ्यानं स्क्रीनकडं बघतात. आज विचारलं, "ती काय म्हणून राहिली?"

सांगितलं: सातव्या महिन्यात फुलांचे दागिने घालणार आहेत, तिला गजऱ्याच्या वासानं मळमळतं, पण कुणाला सांगता येत नाही.

"मग आपन सांगावं की!" म्हणाल्या. खाली गेल्या आणि रविकिरणला औशाला फोन लावायला लावला. गौसियाबींशी स्वतः बोलल्या. काय बोलल्या ते मला कुठलं कळायला. परत वर आल्या, म्हणाल्या, "कागदाची फुलं करतेत."

१४ जानेवारी

संक्रांत. मी लाडू खाल्ला, तिनं तिकडं तोंड गोड केलं. माझ्या दातातला तीळ तिला औशात दिसला!

१९ जानेवारी

आज वाटलं, ऐकणाऱ्यांना खरंच काय फरक पडत असेल? रविकिरणला विचारलं. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "मला तर जुन्यासारखंच वाटतंय. व्हिडिओ जरा लवकर सुरू व्हतोय, एवढंच."

एकच पाऊस एकाच्या शेतात, एकाच्या अंगणात. जाऊ दे. मला शहाणपण लिहायचं नाही. हुस्नाची वाट बघते आहे.

३ फेब्रुवारी

हुस्ना दमलेली दिसली. अंगठी काढून ठेवली आहे, बसत नाही म्हणाली. गोष्टी कमी.

११ फेब्रुवारी

दोन दिवस कॉल नाही. "झोप. डोकं." एवढाच मेसेज.

१२ फेब्रुवारी

जे झालं ते सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी अकराच्या सुमारास कॉल. हुस्ना पलंगावर भिंतीला टेकून. हात जड. म्हणाली, चांदण्या. डोळ्यांपुढं बोटांची टोकं उघडली-मिटली, उघडली-मिटली. मी म्हटलं, कुठल्या चांदण्या, कुणाच्या लग्नात? मला वाटलं गोष्ट सुरू झाली.

ती हसली नाही. पुन्हा तेच. डोळ्यांपुढं, अगदी जवळ. चांदण्या, चांदण्या. मग मूठ कपाळावर, हातोडा मारल्यासारखी. मग बोट वरच्या पोटावर, बरगडीखाली, आणि तोंड वाकडं.

आणि मग मी तिचं तोंड बघितलं. रोज बघत होते ना—सूज हळूहळू आली असणार. आज नीट बघितलं. पापण्या पावासारख्या फुगलेल्या. बोटांचे सांधे दिसतच नव्हते! जुना फोन असता तर मला काय दिसलं असतं? ढेकळं. ढेकळांना सूज येत नाही.

सासूबाई टाकीपाशी होत्या. मी हाक मारली. त्यांनी पदरानं स्क्रीन पुसली आणि वाकून बघितलं. मी खुणा सांगितल्या. त्यांचा चेहराच बदलला.

"काजवे दिसायलेत? डोकं दुखायलंय? आगं लगेच न्या म्हनावं! माज्या नणंदेचं असंच झालं होतं. लगेच!"

नणंदेचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडावर होतं.

हुस्नाला म्हटलं, सासूला बोलाव. गौसियाबी आल्या, हातात चिमटा, चुलीवरून उठून आलेल्या. मायाळू बाई. हसून म्हणाल्या, मला ओठ दिसले: "घाबरू नको बेटी. पहिली खेप हाय, कमजोरी हाय. निंबू पाजलंय."

रविकिरण दुकानात. सासूबाईंचा आवाज फोनमधून गेला असता, पण काय झालंय ते नीट सांगायला मीच हवी होते. परक्या माणसासमोर मी तोंड उघडत नाही. एकदा नांदेडच्या बसमध्ये बोलले होते, तेव्हा पुढचा माणूस दचकून वळला होता. त्या दिवसापासून नाही.

बोलले. ओरडलेच. "कमजोरी नाही! तिला डोळ्यांपुढं काजवे दिसतात! डोकं फुटतंय! छातीखाली दुखतंय! ती दोन दिवस हेच सांगते आहे, तुम्हाला कळत नाही! लातूरला न्या! आत्ता न्या!"

गौसियाबींच्या हातातला चिमटा खाली आला. त्यांनी हुस्नाकडं बघितलं—पहिल्यांदाच बघितल्यासारखं. मग माझ्याकडं. ओठ हलले: "हिनं... सांगितलं? मला वाटलं, झोप येतीय म्हनते."

मग ताहेर आला—दोन दिवस शेजारच्या गावी ग्रिल बसवत होता, म्हणून घरात तिचे हात वाचणारं कुणी नव्हतं—शेजारची जीप आली. हुस्नानं फोन सोडला नाही. रस्ताभर हातात. अधूनमधून फक्त जीपचं छत दिसायचं, आणि तिचा अंगठा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई. डॉ. महामाया. तोंडावर मास्क. त्या गौसियाबींना विचारतात, गौसियाबी उत्तर देतात, आणि हुस्ना मध्ये सामानासारखी पडलेली. तिनं फोन उचलून सरळ डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला!

मी म्हटलं, "मी तिची मैत्रीण. मला ऐकू येत नाही. पण मी ओठ वाचते. मास्क काढा. तुम्ही मला सांगा, मी तिला सांगते. ती सांगेल ते मी तुम्हाला सांगते."

त्या थांबल्या. वाटलं, आता फोन बाजूला सारतील. त्यांनी मास्क काढला. आणि दिवा स्वतःच्या तोंडावर वळवला. कुणी न सांगता! मी त्यांच्या पाया पडले असते.

पहिलाच शब्द अडला. "हिचं मीमी फार वाढलंय." मीमी? पीपी? ओठांवर प, ब, म एकसारखेच दिसतात. मी म्हटलं, कळलं नाही. त्यांनी दंडाला बांधायचा तो पट्टा उचलून दाखवला. बीपी! कळलं. बीपी. मग त्या सावकाश बोलायला लागल्या, अधूनमधून हातानंही.

मी हुस्नाला सांगितलं: रक्त आतून जोरात धावतंय. तुला धोका, बाळाला धोका. बाळ आज बाहेर काढायचं. पोट कापून. तू हो म्हणतेस का?

कागद घेऊन आलेला माणूस गौसियाबींकडं निघाला होता. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा. तिला विचारलंय ना आपण?"

हुस्नानं एकच विचारलं. बाळ हलतंय का? दोन दिवस मला नीट कळत नाही.

मी ते मोठ्यानं बोलून दाखवलं. माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे. डॉक्टरांनी यंत्राची स्क्रीन तिच्याकडं फिरवली. त्यावर एक रेघ वरखाली, वरखाली. मला इथं हिमायतनगरच्या गच्चीवर हुस्नाच्या बाळाचं काळीज दिसत होतं! हुस्ना त्या रेघेकडं बघत राहिली. मग म्हणाली, हो.

ऊन चढलेलं. बॅटरी संपत आलेली. रविकिरण कुणाकडून तरी कळून धावत आला, दुकानातली लांब वायर खालून वर आणली, फोनला लावली, आणि छत्री धरून उभा राहिला. तो आणि सासूबाई, आळीपाळीनं. फोन तापला की सासूबाई पदरानं वारा घालायच्या!

आत नेताना नर्स फोन घ्यायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, "असू दे. पाठीत सुई द्यायची आहे. मागून बोललेलं तिला कळणार कसं?" नर्सनं फोन हुस्नाच्या तोंडासमोर धरला. डॉक्टर मास्क खाली ओढून बाजूला वाकल्या; त्यांचे ओठ वाचत मी सांगत गेले. पाय जवळ घे. पाठ वाकव, मांजरीसारखी. आता थंड लागेल. आता टोचेल. हलू नकोस. माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघ.

हलली नाही. डोळे माझ्यावर. मीही पापणी मिटली नाही.

मग तिला आडवं केलं आणि दोन्ही हात बाजूला बांधले! एका हातात सलाइन, दुसऱ्याला तो पट्टा. हुस्नाचे हात. मला वाटलं, आता तिची जीभच बांधली. नर्सला म्हटलं, बोटं दाखवा मला, बोटं मोकळी आहेत ना? तिनं फोन तिरका धरला. पट्ट्याखालून पंजा दिसला. आणि तो पंजा बोलायला लागला! इतकुशी बोटं हलत होती, तांदूळ निवडल्यासारखी. भीती. थंडी. ताहेर कुठं? दाराशी आहे. तू आहेस ना? आहे. आहे ना मी.

ते इतकं बारीक होतं की समोरच्या नर्सला ते थरथरणं वाटलं असेल. मला सगळं वाचता आलं. एवढ्या लांबून. कुठल्या हवेतून येत होतं ते? कोणत्या तारेतून? मला हे कधी कळणार नाही, आणि मला कळायची गरजही नाही. मी फक्त बघत होते.

मग पडद्यापलीकडं धावपळ. डॉक्टरांच्या हातात काहीतरी ओलं, जांभळं, लहान. फार लहान. हुस्नाला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. हलत नव्हतं.

बोटांनी विचारलं. बाळ?

मी काय सांगू?

त्यांनी त्याला उलटं केलं, पाठ चोळली. आणि त्या एवढ्याशा तोंडाचं भोक झालं. मोठं भोक. जीभ थरथरत होती. डॉक्टर फोनकडं वळल्या, मास्क खाली ओढला, आणि म्हणाल्या, "रडली! मुलगी!"

आम्हा दोघींनाही ऐकू आलं नाही. मी हात वर केले, दोन्ही, आणि सांगितलं: रडते आहे. मोठ्यानं रडते आहे. मुलगी.

गच्चीवर सासूबाई खाली बसल्या होत्या, छत्री तशीच हातात. फोनमधून त्यांना ऐकू आलं होतं ते रडणं. त्या कानाला हात लावून मला म्हणाल्या, आणि या वेळी प्रत्येक शब्द वाचता आला:

"लई गोड रडतीय गं."

१३ फेब्रुवारी

बीपी उतरतंय. बाळ काचेच्या पेटीत. वजन कमी आहे पण बरं आहे. दिवसभर झोपले.

१७ फेब्रुवारी

गौसियाबी स्क्रीनवर आल्या. फोन कपाळाला लावला. मला नुसता त्यांच्या कपाळाचा घाम दिसला.

नंतर हुस्ना सांगते, सासू खुणा शिकते आहे! बहिरा मुलगा वाढवला, तरी आजवर ये, जा, जेव एवढंच यायचं. पहिली खूण विचारली: दुखतं. दुसरी: कुठं.

२ मार्च

बाळ घरी. रोजेही आजच सुरू. पेटीतून काढलेल्या लेकीला हुस्नानं फोनपुढं धरलं. तिला पाळण्यात नाही ठेवलं. पाळणा अजून अंगणातच, कुणाला उचलत नाही.

लेकीला ऐकू येतं. तपासणी झाली. हुस्नाला विचारलं, बरं वाटलं का? म्हणाली, "ऐकू दे. पण आधी माझे हात बघायला शिकेल." आणि बाळाच्या तोंडासमोर इतक्या सावकाश बोटं उघडली की बाळ टक लावून बघायला लागलं.

९ मार्च

आज बाजारात भाजीवालीशी तोंडानं बोलले. "मेथी ताजी आहे का?" ती दचकली नाही. किंवा दचकली असेल. मी मेथीकडं बघत होते.

२१ मार्च

दुपारी डॉ. महामायांचा कॉल. मास्क आधीच काढलेला. एक मुलगी आणली आहे, किल्लारीकडची, शाळेत जायच्या वयाची. पोट धरून रडते. ऐकू येत नाही. "विचाराल तिला?"

गच्चीवर गेले. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या गालावरचं सुकलेलं पाणी दिसत होतं. मी विचारलं, कुठं दुखतं? केव्हापासून? तुझं नाव काय?

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. मी हळू केलं, पुन्हा केलं, मोठं केलं. काही नाही. तिला एकही खूण येत नाही. कुणी कधी शिकवलीच नाही. भाषाच नाही! पोटावर हात ठेवून, तोंड वेडंवाकडं करून कसंबसं दुखणं शोधलं. डॉक्टरांना कळलं तेवढं. पण ती फोन सोडेना. स्क्रीनच्या अगदी जवळ आली, आणि मी 'नाव' असं केलं होतं ना, तसा हात केला. चुकीचा. अर्थ न कळता. पुन्हा केला. पुन्हा.

मी बोट सरळ करायला हात पुढं नेला. काच लागली.

कपडे बांधले आहेत. सकाळची नांदेड गाडी, तिथून लातूर. रविकिरण म्हणाला, "कधी येणार?" मी म्हटलं, ती बोलायला लागली की.